इको मॉडेलचा रविवार

नवी गाडी कोणती घ्यायची याबद्दल घरात तीन मतं होती, पण त्यांतली दोन धरायची पद्धत नव्हती. धरायचं मत एकच, साहेबांचं.

साहेब म्हणजे सासरे. बस डेपोचे मॅनेजर म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी घर ते डेपोसारखंच चालवत. कोण कधी निघालं, कोण उशिरा परतलं, बाथरूममध्ये कोणी किती वेळ लावला, हे सगळं त्यांच्या ध्यानात असे आणि जेवताना त्याचं जाहीर वाचन होई. मुलगी त्यांना 'बाबा' म्हणे. बाकी सगळे, दूधवाल्यापासून जावयापर्यंत, साहेबच म्हणत.

जावई त्यांच्याच घरात राही. लग्नानंतर 'आपली सोय होईपर्यंत' म्हणून आला होता. ती सोय काही झाली नाही आणि आता तो चाळिशीला टेकला होता. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तो नळाच्या पाण्याचे नमुने तपासे. क्लोरीन किती, गढूळपणा किती, जंतू आहेत की नाहीत. साहेबांच्या मते हे काम नव्हतं. "दिवसभर पाण्याकडे बघत बसायचं," ते पाहुण्यांना सांगत, "म्हैससुद्धा बघते. तिला कुणी पगार देत नाही." पाहुणे हसत. जावईही हसे. एकदा त्याने न हसून बघितलं होतं. मग 'जावईबापू रुसले' हे प्रकरण घराला आठवडाभर पुरलं.

शोरूममध्ये एकाच रंगाच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही डिझेलच्या. एक साधी आणि दुसरीच्या पाठीवर हिरवा 'इको' बिल्ला. गाड्या दाखवणारी मुलगी नोकरीत नवी होती आणि अजून खरं बोलत होती.

"इको कमी डिझेल पिते, सर, आणि धूर जवळजवळ नाहीच," ती म्हणाली. "सिग्नलला थांबलात की इंजिन आपोआप बंद होतं. वजन कमी करायला स्टेपनी काढलीये, तिच्याऐवजी पंक्चरमध्ये फेस भरायची बाटली आहे. आणि धुराच्या नळीत फिल्टर आहे, तो काजळी पकडतो."

"पकडून करतो काय तिचं?" जावयाने विचारलं. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"जाळतो. पण त्यासाठी तो चांगला तापावा लागतो. गावातल्या गावात चालवलीत तर तापत नाही, मग काजळी साचत जाते. आठवड्यातून एकदा तरी मोठ्या रस्त्यावर न्यायची. पाऊण तास, एका वेगात, मध्ये न थांबता." मग तिने विचारलं, "तुमचं रोजचं जाणं-येणं किती?"

रोजचं जाणं-येणं म्हणजे प्रयोगशाळा, बायको काम करायची ते चष्म्याचं दुकान, दवाखाना आणि बाजार. सगळं हाकेच्या अंतरावर.

"मग साधीच घ्या की," मुलगी म्हणाली. "तिला फिल्टरची भानगडच नाही."

ती म्हणत होती त्यात काडीची चूक नव्हती. पण जावयाच्या डोक्यात तिचं आधीचं वाक्य रुतून बसलं होतं. आठवड्यातून एकदा, एका वेगात, मध्ये न थांबता.

सासऱ्याच्या घरात आल्यापासून तो एकटा असा कधी नव्हताच. गच्चीवर गेला तर "काय शोधताय?", खिडकीशी उभा राहिला तर "कुणाची वाट बघताय?" पाय मोकळे करायला निघाला की साहेबांना नेमकं औषधांच्या दुकानातून काहीतरी हवं असे. घराबाहेर पडायला कारण लागे आणि ते कारण साहेबांच्या उलटतपासणीत टिकावं लागे. हे टिकलं असतं. हे त्याचं कारण नव्हतं, गाडीचं होतं.

फक्त ते मागून मिळणार नव्हतं. एवढ्या वर्षांत तो या घरातला एक नियम शिकला होता आणि तो प्रयोगशाळेतल्या कुठल्याही नियमाइतका पक्का होता: तो ज्याला चांगलं म्हणेल, त्यात साहेबांना खोट दिसे.

"साधीच बरी," तो मोठ्याने म्हणाला. "स्टेपनी आहे, जमिनीपासून उंचही आहे. इको म्हणजे नुसतं फॅड."

साहेब साध्या गाडीत बसून सीट दाबून बघत होते. ते तडक उतरले. "फॅड? तुम्हाला डिझेलमधलं काय कळतं हो, जावईबापू? तुमचं खातं पाण्याचं. अख्ख्या डेपोचं डिझेल मी सांभाळलंय. लिटरमागे अर्धा किलोमीटर वाढला की वरून शाबासकी यायची, माहितीये?"

"पण तो फिल्टर..."

"सारखं पण! गाडी धावण्यासाठी असते, झाकून ठेवण्यासाठी नाही." ते मुलीकडे वळले. "इको द्या."

मुलीने जावयाकडे दिलगिरीने पाहिलं. त्याने चेहरा पाडला. ते त्याला छान जमे, सरावच तेवढा होता.

पहिल्या रविवारी दुपारी तो "काजळी जाळून येतो" म्हणून निघाला. साहेबांना त्यावर बोलायला काही सुचेना, कारण गाडी त्यांनीच निवडलेली.

शहर संपलं की आधी गोदामांच्या लांबच लांब भिंती लागत, मग दोन्ही बाजूंना उघडं रान. तिथे तो वेग एका आकड्यावर आणून ठेवी आणि पाय हलवत नसे. रेडिओ लावत नसे. काय केलंस असं कुणी विचारलं असतं तर सांगण्यासारखं काही नव्हतं आणि त्याला हवं होतं ते नेमकं तेवढंच. मध्येच इंजिनाचा आवाज जरा जाड होई, डिझेलचा आकडा वर चढे. म्हणजे मागे नळीत आठवड्याची काजळी पेटली. तो ते मन लावून ऐके. आवाज पुन्हा हलका झाला की पुढच्या वळणावरून गाडी माघारी फिरवी.

"लोक कुत्र्याला फिरवून आणतात," बायको म्हणाली, "आणि तू गाडीला."

"तिला गरज आहे अगं."

"तिलाच ना?" असं म्हणून तिने विषय सोडून दिला. ती याच वडिलांच्या हाताखाली वाढली होती. कुणी पुढचा प्रश्न विचारला नाही की माणसाला किती बरं वाटतं, हे तिला ठाऊक होतं.

असे काही रविवार सुखाचे गेले. मग चूक झाली आणि ती त्याचीच. एकदा परत आल्यावर चपला काढताना तो शीळ घालत होता.

साहेबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "जावईबापू, आज काय सापडलं रस्त्यात?"

"कुठे काय?"

"मग तोंड का एवढं उजळलंय? काजळी गाडीची जळते की तुमची?"

पुढच्या रविवारी तो गाडीपाशी गेला, तर साहेब पुढच्या सीटवर बसलेले. डोक्यावर टोपी, छातीवर पट्टा. "चला," ते म्हणाले. "घरात बसून मलाही गंज चढलाय."

साहेबांना प्रोस्टेटचा त्रास होता. खराच होता, गोळ्या चालू होत्या. पण तो कधी डोकं वर काढायचा याला एक शिस्त होती. इंजिनाचा आवाज जाड झाला आणि जावयाची नजर आकड्यांकडे गेली, की साहेब म्हणत, "घ्या बाजूला."

गाडी बाजूला घेतली की ते उतरायच्या आधी हात लांब करून किल्ली फिरवत.

"साहेब, चालू राहू द्या ना, आत जळतंय ते."

"उभ्या गाडीत डिझेल जाळणाऱ्यांचे मी पगार कापलेत."

मग ते सावकाश उतरत, झुडपाच्या आडोशाला जात, कमरेवर हात ठेवून आभाळ बघत. परत येऊन पट्टा लावताना म्हणत, "नाही झाली. चला."

कधी कधी होईही. पण जावई निरीक्षणावर पोट भरणारा माणूस होता. ज्या रविवारी त्याने आकड्यांकडे बघायचं टाळलं, त्या रविवारी साहेबांना परतेपर्यंत एकदाही लागली नाही. त्याने हे पुन्हा करून पाहिलं. उत्तर तेच आलं. मग साहेब त्याच्या नजरेची वाट न बघता नुसत्या इंजिनाच्या आवाजावर गाडी थांबवू लागले.

थांबत नसत तेव्हा बोलत. "स्टिअरिंग एवढं आवळू नका, पळून जात नाही ते." "तो बघा, सायकलवाला पुढे जाईल आता." "लोक मला अजून विचारतात, काय बघून मुलगी दिलीत? मी म्हणतो, मी कसला बघतो, तिनेच बघितलं. तिला तेव्हा चष्मा लागायचा होता." आणि स्वतःच्या विनोदावर ते गुडघ्यावर थाप मारून हसत.

तिथून पुढे दर वेळी जाळणं अर्ध्यावर तुटत राहिलं आणि काजळी साचत गेली. एक दिवस समोर पिवळा दिवा लागला, दुसऱ्या दिवशी गाडी चढ चढेना. गॅरेजमधल्या मेकॅनिकने यंत्र जोडून उभ्या गाडीत काजळी जाळून दिली.

"या वेळी भागलं," तो हात पुसत म्हणाला. "पण आता दिवा लागला की अर्ध्यात सोडायचं नाही, काका. विझेपर्यंत चालवत राहायचं. पुन्हा चोंदला तर फिल्टरच बदलावा लागेल आणि त्याची किंमत ऐकलीत तर गाडी इथेच सोडून जाल."

'काका' ऐकून साहेबांच्या कपाळाला आठी पडली. ती त्यांनी जावयावर उतरवली. "मला नका सांगू. यांना सांगा. आमचे जावई विज्ञानाचे पदवीधर आहेत. पदवी मिळाली, काजळी जाळता येत नाही."

मेकॅनिक हसला. गाडीखाली झोपून काम करणारा दुसराही हसला; त्याचे नुसते पाय हलताना दिसले.

परतताना साहेबांनी निकाल दिला. "पुन्हा गाडी इथे आणायची वेळ आली, की विकायची. साधी घ्यायची. तुम्हीच म्हणत होतात ना, साधी बरी म्हणून? घ्या, एकदा ऐकतो तुमचं." आणि त्याच्याकडे वळून ते मंद हसले. त्या हसण्यातून जावयाला कळलं, की शोरूममधला आपला डाव यांनी ओळखलाय. त्या दिवशी नसेल, पण नंतर कधीतरी नक्की. साधी गाडी आली की तिला मोठ्या रस्त्याची गरज नाही. म्हणजे त्यालाही नाही. रविवारी दुपारी तो पुन्हा खिडकीशी, आणि मागून प्रश्न, कुणाची वाट बघताय?

दिवा पुन्हा लागला तो काही आठवड्यांनी, शहराची हद्द ओलांडता ओलांडता. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून, पुढे वाकून तो नीट पाहून घेतला. निघताना मुलीने चहा दिला होता. त्यांनी आणखी एक कप मागून घेतला होता.

"लागला की हो," ते म्हणाले. "बघू आज तुमचं विज्ञान."

रान लागलं. आवाज जाड झाला.

"घ्या बाजूला."

"नाही," जावई म्हणाला.

हा शब्द त्या दोघांमध्ये नवा होता. साहेबांना वाटलं आपणच चुकीचं ऐकलं. "काय?"

"दिवा विझला की घेतो. मेकॅनिक तुमच्यासमोरच बोलला."

"मेकॅनिक गेला खड्ड्यात. मला लागलीये."

"मागच्या वेळीही लागली होती. झाली नाही."

"माझ्या घरात राहता, माझ्या पंगतीला जेवता."

"जेवतो."

"लाज वाटते का काही?"

"ती पहिल्याच वर्षी संपली, साहेब. तुमच्यासमोरच."

साहेब तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. मग शेजारून काहीच येत नाहीये हे लक्षात आल्यावर जावयाने तिरक्या नजरेने पाहिलं. साहेबांनी गुडघे एकमेकांना घट्ट जुळवले होते, दारावरचं हँडल मुठीत धरलं होतं आणि एसी चालू असताना त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. चांगला नमुना आणि खराब नमुना वेगळा काढणं हे त्याचं रोजचं काम. इथे तपासण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हे खरं होतं.

"अहो," साहेब म्हणाले. त्यात 'जावईबापू' नव्हतं. "थांबवा जरा."

"होत आलंय."

"खरंच सांगतोय."

"मीही खरंच सांगतो," जावई म्हणाला. "फिल्टर कसा असतो, सांगू का? आत बारीक बारीक नळ्या असतात, मधाच्या पोळ्यासारख्या. एकीआड एक तोंडाशी बुजवलेली. त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपून जावं लागतं आणि काजळी आत अडकते. ती जाळायला इंजिन आत्ता जादा डिझेल सोडतंय. सहाशे अंशांच्या आसपास गेलं असेल. आता आपण थांबलो तर ते थंड होणार, अर्धवट जळलेलं तसंच राहणार, आणि पुढच्या वेळी..."

शाळेची मुलं प्रयोगशाळा बघायला आली की ज्या आवाजात तो बोले, त्याच शांत, समजावणीच्या आवाजात तो बोलत होता. त्याला तो आवाज आवडला. या माणसाने त्याला कधी एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. आज तो अख्खा विषय सुरुवातीपासून सांगत होता आणि ऐकणाऱ्याला उठून जायची सोय नव्हती.

"पोरा," साहेब म्हणाले. असं त्यांनी त्याला कधीच म्हटलं नव्हतं. "हात जोडतो. थांबव."

पुढे ट्रक उभे करायची ऐसपैस जागा दिसली. झाडाची सावली, पाण्याची टाकी, आडोशाला एक पडकी भिंतसुद्धा. जावयाने ती समोरून येताना पाहिली, शेजारून जाताना पाहिली आणि आरशात मागे पडतानाही पाहिली. पायाचा दाब तसूभर कमी केला नाही.

उसाशासारखा एक बारीक आवाज झाला आणि साहेबांच्या राखाडी पँटचा रंग मांडीपासून खाली गडद होत गेला. सीटच्या कडेवरून थेंब पडू लागले. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ती पुरली नाही.

दिवा त्यानंतर लगेचच विझला. जावयाने इंडिकेटर दिला, मागचं वाहन जाऊ दिलं, गाडी व्यवस्थित कडेला घेतली.

"घेतली बाजूला," तो म्हणाला. "उतरताय?"

साहेब समोरच्या काचेकडे बघत राहिले. त्या दिवशी किल्लीकडे त्यांचा हात गेला नाही.

घरी दारातच मुलगी म्हणाली, "अगंबाई, हे काय झालं, बाबा?"

"बाटली सांडली," साहेब म्हणाले. "पाण्याची."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो चपला काढत होता, अगदी सावकाश. "पाणीच आहे," तो म्हणाला. "माझं तर कामच ते. मी सांगतो, पाणीच."

साहेब भिंतीला धरून आत गेले आणि त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. सीट जावयाने स्वतः धुतली, दोनदा, आणि दारं उघडी टाकून वाळवली.

पुढच्या रविवारी पुढची सीट रिकामी होती. त्याच्या पुढच्याही. जेवताना कुणाच्या येण्या-जाण्याचं वाचन होईना. बायको एकदा म्हणाली, "बाबा हल्ली किती गप्प झालेत, दाखवायचं का कुणाला?" तो म्हणाला, "वयाचं असतं." त्याला हवं होतं ते मिळालं होतं आणि त्यावर कुणी डोळा ठेवून नव्हतं. एवढ्यावर तो थांबू शकला असता.

पण त्या पहिल्याच रिकाम्या रविवारी, निघताना, त्याने सहज म्हणून विचारलं होतं, "साहेब, येताय ना?" आणि बंद दारामागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला होता. गाडी मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत त्याला तो आवाज पुरला. पुढच्या वेळी त्याने जेवणाच्या टेबलावर विचारलं. मग शेजारी आलेले असताना. मग तो कुणीतरी येण्याची वाटच बघू लागला.

एका रविवारी साहेबांचे डेपोतले तीन जुने सहकारी आले. तिघांचेही केस पांढरे झालेले, पण साहेबांसमोर ते अजून खुर्चीच्या कडेवर बसत. "काय दरारा होता साहेबांचा," एक जण चहा देणाऱ्या मुलीला सांगत होता. "गेटातून आत आले की अख्ख्या डेपोचा आवाज बंद." साहेबांच्या पाठीचा कणा कितीतरी दिवसांनी ताठ झाला होता. ते थोडं हसलेही.

जावई किल्ली घेऊन दारात आला. "साहेब, गाडी काढतोय. येताय ना?"

खोली त्याच्याकडे वळली.

"जा की, साहेब," दुसरा म्हणाला. "एवढ्या प्रेमाने बोलावतोय पोरगा."

"आमचे जावई ढुंकून बघत नाहीत," तिसरा म्हणाला. "नशीब काढलंत तुम्ही."

"नको," साहेब खाली बघत म्हणाले.

रिकामे कप घेऊन आत गेलेल्या बायकोचा तिथूनच आवाज आला. "अरे, दर वेळी कशाला विचारतोस? नाही येत ते."

"वडीलधारं माणूस आहे अगं. विचारायला नको?" तो एक पाऊल आत आला. "काय म्हणालात, साहेब? ऐकू नाही आलं."

साहेबांनी मान वर केली. तिघं कौतुकाने एकदा सासऱ्याकडे आणि एकदा जावयाकडे बघत होते.

"गुडघे दुखतात," साहेब म्हणाले.

"गुडघेच ना?"

साहेबांची नजर त्याच्या चेहऱ्यावर आली आणि तिथेच राहिली, रस्त्यावर त्या दिवशी समोरच्या काचेवर राहिली होती तशी. जावई हसतमुख उभा होता. साहेबांनी सगळ्यांदेखत 'हो, गुडघेच' म्हणेपर्यंत तो जागचा हलला नाही.